वाक्प्रचार पाठ, इंग्रजी सपाट

जुन्नर, प्रतिनिधी

जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांच्या वह्यांत एक यादी हमखास सापडते. डाव्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार आणि उजव्या बाजूला त्याचा एका ओळीतला मराठी अर्थ, अशी तिची मांडणी असते. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित. ‘अंडर द वेदर’ म्हणजे आजारी. ‘बरी द हॅचेट’ म्हणजे भांडण मिटविणे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत असे शेकडो वाक्प्रचार अकारविल्हे छापलेले असतात आणि मुले ते पाढ्यांप्रमाणे घोकतात.

या घोकंपट्टीला कारण आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित सेवांच्या मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात मराठीप्रमाणेच इंग्रजीच्याही म्हणी व वाक्प्रचार यांचा अर्थ आणि उपयोग या घटकाचा समावेश राहिला आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांतही वाक्प्रचारांवर प्रश्न असतात. २०२३ मध्ये झालेल्या तलाठी भरतीत शंभरपैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे होते. त्या भरतीत साडेचार हजारांहून अधिक पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. अशा स्पर्धेत एका प्रश्नाने नोकरी मिळते किंवा हुकते. तेव्हा ‘ब्लू मून’चा अर्थ पाठ करणाऱ्या तरुणाला दोष देता येणार नाही.

प्रश्न वेगळाच आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन पंचवीस वर्षे उलटली. त्यानंतरही या तरुणांना इंग्रजी वाक्प्रचार यादीतूनच का शिकावे लागतात? आणि पाठ केलेली ही यादी परीक्षेबाहेर त्यांच्या तोंडी का येत नाही? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपुरता विचार केला तरी या प्रश्नाचे उत्तर शिक्षण खात्याला अडचणीचे वाटावे असे आहे. इंग्रजी शिकविताना मुलाच्या स्वतःच्या भाषेतील वाक्प्रचारांचे भांडवल आपण वापरलेच नाही, हे ते उत्तर होय.

पंचवीस वर्षांचा हिशेब

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तत्कालीन मुंबई राज्यात इंग्रजीची सुरुवात आठवीपासून होत असे. पुढे ती पाचवीवर आली. २००० मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत ती थेट पहिलीवर आणली गेली. शहरातील मुलांना जे मिळते ते खेड्यातील मुलांनाही मिळाले पाहिजे, ही त्या निर्णयामागील भूमिका होती आणि ती न्याय्य होती. निर्णयावर टीका झाली, मराठीचे काय होणार अशी चिंताही व्यक्त झाली. पण पालकांनी तो स्वीकारला. नंतरच्या काळात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी इंग्रजीचे वर्ग जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळांत वाढत गेले. आदिवासी विकास विभागाने आदिवासी विद्यार्थ्यांना नामांकित निवासी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पाठविण्याची योजना आणली. घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील कुटुंबांना ही योजना चांगलीच परिचित आहे.

२००० मध्ये पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ती पहिली पिढी. त्यातील अनेकजण अजूनही भरतीच्या जाहिरातींची वाट पाहत आहेत. म्हणजेच या धोरणाचे मूल्यमापन करण्यास पुरेसा काळ गेलेला आहे.

‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातील मुलांचे इंग्रजी वाचन २०१६ आणि २०२२ मध्ये तपासले गेले. पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१६ मध्ये २४.७ टक्के होते; २०२२ मध्ये ते २४.५ टक्के होते. आठवीत हेच प्रमाण ४५.३ टक्क्यांवरून ४६.७ टक्क्यांवर आले. ही आकडेवारी संपूर्ण देशाची आहे. मात्र इंग्रजी लवकर सुरू केली की ती आपोआप येते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. वाक्य वाचता येणे ही पहिली पायरी असते. वाक्याचा अर्थ कळणे ही दुसरी आणि शब्दांच्या पलीकडचा अर्थ कळणे ही तिसरी. वाक्प्रचार या तिसऱ्या पायरीवर असतो. पहिल्याच पायरीवर निम्मी मुले अडखळत असतील, तर तिसरी पायरी पाठांतराने ओलांडण्याचा प्रयत्न होणारच.

याच काळात राज्यात भाषेवरून मोठा वाद झाला. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा अनिवार्य करण्याचा निर्णय काढला, १७ जूनला तो बदलला आणि तीव्र विरोधानंतर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्याची घोषणा केली. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या साऱ्या वादात कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवावी यावर भरपूर चर्चा झाली. ती कशी शिकवावी, यावर फारशी झाली नाही. २००० मध्येही नेमके हेच घडले होते.

चीनचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यानंतर वर्षभरातच, २००१ मध्ये, चीनच्या शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचे ठरविले. तेथील विद्यापीठ प्रवेशाच्या ‘गाओकाओ’ या परीक्षेत बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीला राहिले आहेत. परिणाम आपल्यासारखाच झाला. खासगी शिकवण्या फोफावल्या, याद्यांची पुस्तके निघाली. हजारोंच्या समुदायाकडून मोठ्या आवाजात इंग्रजी वाक्ये म्हणवून घेणारी ली यांग यांची ‘क्रेझी इंग्लिश’ ही पद्धत गाजली. अखेर २०२१ मध्ये चिनी सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर कठोर निर्बंध घातले.

चिनी विद्यार्थ्यांपुढे इंग्रजी वाक्प्रचारांची अडचण मोठी असते, कारण त्यांची स्वतःची भाषाच वाक्प्रचारांनी गच्च भरलेली आहे. चार अक्षरांत एखादी संपूर्ण कथा सामावून घेणारे हजारो शब्दप्रयोग तेथील सुशिक्षित माणूस सहज वापरतो. ‘विहिरीच्या तळाचा बेडूक’ हा त्यांपैकीच एक. तो ज्वांगझी या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथातील गोष्टीवरून आला आहे. मराठी वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही; आपल्याकडे कूपमंडूक आहेच. ‘गायीपुढे तंतुवाद्य वाजविणे’ हा दुसरा. त्याला आपण ‘गाढवापुढे वाचली गीता’ म्हणतो. अगदी नगण्य गोष्टीला चिनी माणूस ‘नऊ बैलांच्या अंगावरचा एक केस’ म्हणतो, आपण ‘दर्यात खसखस’ म्हणतो आणि इंग्रज ‘समुद्रातला थेंब’ म्हणतो. भाषा तीन आणि वस्तूही तीन, पण विचार एकच.

मात्र जेथे जेथे इंग्रजी प्रयोगाचा साचा स्वतःच्या भाषेत नसतो, तेथे विद्यार्थी काय करतो? तो तो प्रयोग टाळतो. चिनी भाषकांवरील एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’ अशी जोडक्रियापदे मध्यम पातळीवरचे विद्यार्थी टाळतात आणि त्यांच्या जागी एकच, पुस्तकी क्रियापद वापरतात, असे त्यात आढळले. अर्थ माहीत असला तरी वापरण्याचे धैर्य होत नाही. जुन्नरच्या महाविद्यालयातील इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

जुळणारे, अर्धवट जुळणारे आणि फसविणारे

इंग्रजी वाक्प्रचार मराठी मुलाच्या दृष्टीने सारखेच अवघड नसतात. त्यांचे सरळ तीन गट पडतात. यादीत मात्र ते सरमिसळ झालेले असतात.

पहिला गट पूर्णपणे जुळणाऱ्यांचा. ‘आगीत तेल ओतणे’, ‘भिंतीला कान असणे’, ‘एका दगडात दोन पक्षी मारणे’, ‘जखमेवर मीठ चोळणे’ हे प्रयोग मराठीत आहेत, जवळपास तसेच इंग्रजीत आहेत आणि चिनी भाषेतही आहेत. हे मुलाला शिकवावे लागत नाहीत, फक्त दाखवून द्यावे लागतात. ‘तुला हे आधीपासूनच येते’ असे शिक्षकाने म्हटले की पहिल्या तासातच दहा-वीस वाक्प्रचार त्याचे होतात.

दुसरा गट अर्थाने जुळणाऱ्या, पण चित्राने वेगळ्या असणाऱ्यांचा. गुपित उघड झाले की आपले ‘बिंग फुटते’. इंग्रजाच्या पिशवीतून मांजर बाहेर पडते. अपमान झाला की आपले ‘नाक कापले जाते’ किंवा ‘तोंड दाखवायला जागा उरत नाही’. इंग्रजीत माणूस आपला चेहरा गमावतो. येथे दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की इंग्रजी प्रयोग स्मरणात राहतो. गंमत म्हणजे चेहरा गमावण्याचा हा प्रयोग मुळात इंग्रजांचा नाहीच. चीनमध्ये राहिलेल्या इंग्रजांनी तो एकोणिसाव्या शतकात चिनी भाषेतून उचलला.

तिसरा गट सर्वांत धोक्याचा. येथे शब्द सारखे दिसतात आणि अर्थ भलताच निघतो. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे थट्टा करणे. मराठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात, ही तक्रार कोणी शब्दशः इंग्रजीत केली, तर ऐकणाऱ्याला ती विनोदी माणसांची स्तुती वाटेल. मराठीत ‘मीठमसाला लावून सांगणे’ म्हणजे गोष्ट रंगविणे. इंग्रजीत एखादी गोष्ट चिमूटभर मिठासह घेणे म्हणजे तिच्यावर पूर्ण विश्वास न ठेवणे. मराठीत ‘हात वर करणे’ म्हणजे जबाबदारी झटकणे. इंग्रजीत हात वर करणारा मनुष्य बहुधा प्रश्न विचारत असतो किंवा संमती देत असतो. चिनी माणूस ‘तेल ओता’ म्हणतो तेव्हा तो भांडण पेटवत नाही, ‘जोर लावा, हिंमत धरा’ असे म्हणत असतो. हाँगकाँगच्या इंग्रजीत रुळलेला हा प्रयोग २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही आला.

या वर्गीकरणाला अभ्यासाचा आधार आहे. सुझन इरुजो यांनी १९८६ मध्ये स्पॅनिश मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांची इंग्रजी वाक्प्रचारांवर परीक्षा घेतली होती. दोन्ही भाषांत सारखे असणारे वाक्प्रचार विद्यार्थ्यांना सर्वांत सोपे गेले. पूर्ण वेगळे असणारे सर्वांत अवघड ठरले. किंचित वेगळे असणारे समजले बरोबर. पण वापरताना मातृभाषेने गोंधळ घातला. इरुजो यांचा निष्कर्ष साधा होता. विद्यार्थी मातृभाषेचा आधार घेतातच, तेव्हा शिक्षकाने तो नाकारण्यापेक्षा वापरावा. चाळीस वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आपल्या मार्गदर्शकांपर्यंत अद्याप पोहोचलेला दिसत नाही.

उलट्या दिशेचा प्रवास

परक्या भाषेतील वाक्प्रचार आत्मसात करण्याचा एक जुना, यशस्वी प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. फक्त त्याची दिशा उलटी होती. एकोणिसाव्या शतकात मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसमोर अगदी हीच अडचण होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. त्यात शब्दांच्या जोडीला बोलण्यातले असंख्य प्रयोग नोंदविलेले आहेत. १८९९ मध्ये आल्फ्रेड मॅनवेरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. त्याने म्हणी शेती, प्राणी, शरीर, अन्न अशा विषयांनुसार लावल्या. ज्या लोकांची भाषा शिकायची त्यांच्या जगण्याची रचना त्याने ओळखली आणि तीच शिकण्याची रचना केली. आपल्या बाजूने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविली, तीही मराठी वाक्यापासून इंग्रजी वाक्याकडे जात.

जुन्नरला तर भाषांच्या अशा भेटीगाठी नव्या नाहीत. नाणेघाटातून चालणाऱ्या व्यापारामुळे दोन हजार वर्षांपूर्वी येथे परदेशी लोक येत होते. जुन्नरच्या लेण्यांत ‘यवन’ दात्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत आणि ते ब्राह्मी लिपीत, येथल्याच प्राकृतात कोरलेले आहेत. सतराव्या शतकात जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. आज जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि तिच्या निरीक्षणांसाठी जगभरातील खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात. त्यांची कामाची भाषा इंग्रजी. दुर्बिणीच्या कुंपणाबाहेर टोमॅटो आणि कांदा पिकविणाऱ्या घरातील मुलगा मात्र त्याच इंग्रजीची यादी घोकतो आहे.

कोणती इंग्रजी, कशासाठी?

यादीचा दुसरा दोष हा की ती परीक्षेसाठी असते, कामासाठी नसते. मुसळधार पावसाला ‘कुत्री-मांजरे बरसत आहेत’ म्हणण्याची वेळ नारायणगावच्या तरुणावर आयुष्यात बहुधा येणार नाही. आजचे इंग्रजही हा प्रयोग बोलताना फारसा करीत नाहीत. मात्र ‘कीप मी पोस्टेड’, ‘गेट बॅक टू यू’, ‘कॉल ऑफ’, ‘पुट ऑफ’, ‘फॉल थ्रू’ हे प्रयोग कार्यालयीन ई-मेलमध्ये रोज येतात. ‘द डील फेल थ्रू’ या वाक्याचा अर्थ व्यवहार फिसकटला, हे न कळल्यास नुकसान होऊ शकते.

या दोन तालुक्यांत अशी इंग्रजी लागणारी कामे वाढत आहेत. जुन्नरची द्राक्षे युरोपात जातात, आशियातील इतर बाजारांतही जातात. निर्यातीसाठी बागांची नोंदणी, रासायनिक अवशेषांची तपासणी, परदेशी खरेदीदाराशी पत्रव्यवहार असा सारा व्याप असतो आणि तो बहुतांशी इंग्रजीत चालतो. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. शिवनेरी त्यांपैकी एक आहे. परदेशी पर्यटक येऊ लागले तर त्यांना गड दाखविण्यासाठी शिवजन्माची कथा इंग्रजीत रंगवून सांगणारा माणूस लागेल. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे मराठीतून शालेय शिक्षण झालेल्या मुलाला पहिल्या सत्रापासून इंग्रजी व्याख्याने ऐकावी लागतात. अशा मुलाचा खरा अडसर तांत्रिक शब्द नसतात, ते तो पाठ करतो. व्याख्यानाच्या ओघात येणारे ‘ऑन द अदर हँड’, ‘बाय अँड लार्ज’, ‘रूल ऑफ थम्ब’ हे साधे प्रयोग त्याला अडवतात. ‘रूल ऑफ थम्ब’ म्हणजे ढोबळ नियम; त्यात अंगठा कोठून आला, हा विचार करीत असताना पुढची तीन वाक्ये निसटतात.

ज्या इंग्रजीवर रोजगार अवलंबून आहे ती यादीत नाही आणि यादीत जी आहे तिचा रोजगाराशी संबंध फक्त परीक्षेच्या दिवशी येतो. या तफावतीची किंमत शहरातील मुलाला कमी मोजावी लागते, कारण घरात, चित्रपटांत, मित्रमंडळीत त्याच्या कानावर इंग्रजी पडत असते. भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाडीतून आश्रमशाळेत आलेल्या मुलीला ती पूर्ण मोजावी लागते. तिच्या दृष्टीने घरातील महादेव कोळी किंवा ठाकरी बोली ही पहिली भाषा, पुस्तकी मराठी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी ठरते. तिला इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ ज्या मराठीत सांगितला जातो, ती मराठीही तिला शाळेतच भेटलेली असते.

मराठीचे भांडवल आटते आहे

याच ठिकाणी दुसरी, अधिक गंभीर बाब पुढे येते. मराठी वाक्प्रचारांच्या आधाराने इंग्रजी शिकवावी असे म्हणताना तो आधार शाबूत आहे असे आपण गृहीत धरतो. तो शाबूत राहिलेला नाही.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पुढारी सुपाऱ्या देण्यासाठी येतात. वगातील सवाल-जवाब आणि सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी ही वाक्प्रचारांची खाण आहे. शब्दाचा सरळ अर्थ एक आणि मनातला दुसरा, हे तंत्र फडावरच्या निरक्षर कलावंताला उत्तम अवगत होते. वाक्प्रचार म्हणजे तरी दुसरे काय? मात्र हे ज्ञान शाळेच्या उंबरठ्याच्या आत कधी घेतलेच गेले नाही.

शेतीतील बदलांनीही मराठी वाक्प्रचारांची मुळे सैल केली. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण ठिबक सिंचनावर वाढलेल्या मुलाला समजावून सांगावी लागते, कारण त्याने पोहरा पाहिलेला नसतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला घरी आजी-आजोबा बोलतात ती मराठी कळते, पण त्याच्या बोलण्यात ती उतरत नाही. वर्तमानपत्रांची भाषाही यातून सुटलेली नाही. आम्ही रोज लिहितो ते ‘प्रकाश टाकणे’, ‘हिमनगाचे टोक’, ‘चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात टोलविणे’ हे सारे प्रयोग इंग्रजीवरून बेतलेले आहेत. देवघेव वाईट नाही. ‘मुंगूस’ हा आपला शब्द इंग्रजीत गेला आणि ‘कागदी वाघ’ हा चिनी प्रयोग १९४६ मधील माओंच्या मुलाखतीनंतर जगभर पसरून मराठीतही आला. मात्र देवघेवीसाठी दोन्ही बाजूंच्या गाठी काही असावे लागते. मराठीतील गाठोडे हलके होत गेले, तर मुलाला इंग्रजी शब्दशः शिकावी लागेल आणि मराठीही.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय परीक्षा घेणाऱ्यांच्या हातात आहे. चार पर्यायांतून अर्थ ओळखण्याचा प्रश्न ओळख तपासतो, उपयोग तपासत नाही. अभ्यासक्रमात ‘उपयोग’ हा शब्द असताना प्रश्न केवळ अर्थाचा विचारला जातो. एखादा प्रसंग देऊन त्यात कोणता प्रयोग योग्य बसेल असे विचारले, तर बहुपर्यायी पद्धतीतही उपयोग तपासता येतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तिच्यात भाषा विषयांच्या उत्तरपत्रिका लिहाव्या लागतात. त्यामुळे निदान त्या परीक्षेच्या उमेदवारांना तरी यादीपलीकडे जावेच लागेल. तलाठी, लिपिक, ग्रामसेवक यांसारख्या पदांच्या परीक्षांतही असा बदल व्हायला हवा, कारण जुन्नर-आंबेगावचे बहुसंख्य उमेदवार तेथेच असतात.

दुसरा उपाय बालभारतीच्या हातात आहे. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात वाक्प्रचार असतातच. ते मराठी प्रयोगाशी जुळणारे, अर्धवट जुळणारे आणि फसविणारे अशा तीन रकान्यांत मांडले, तर शिक्षकाचे निम्मे काम होईल. असेच तीन रकाने मराठीच्या पुस्तकातही देता येतील. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी महिन्यातून एक तास एकत्र घेतला तर दोन्ही भाषांचा लाभ होईल.

तिसरा उपाय शिक्षकांच्या हातात आहे. वर्गातील मुलांना घरून वाक्प्रचार गोळा करून आणायला सांगणे, हा जगभर वापरला जाणारा आणि काहीही खर्च नसलेला पाठ आहे. आश्रमशाळेत तो बोलीतून सुरू करता येईल. मुलीने आजीच्या तोंडचा एक प्रयोग आणावा, वर्गाने त्याला प्रमाण मराठीतील जोड शोधावी आणि मग इंग्रजीतील. मॅनवेरिंगने सव्वाशे वर्षांपूर्वी जे एकट्याने केले, ते चाळीस मुलांचा वर्ग एका सत्रात करू शकेल. अशा वर्गात आजीची भाषा अडथळा ठरत नाही. ती शिकण्याचे साधन होते.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने हा शब्दप्रयोग दीड शतक सांगितला जात आहे. ते दूध पचविण्यासाठी अंगी बळ लागते, हा त्याचा अर्धा अर्थ मात्र आपण सोयीने विसरलो. ते बळ मातृभाषेतून येते. पहिलीपासून इंग्रजी दिल्याने राज्याने प्रत्येक मुलाच्या हाती वाटी ठेवली, हे खरेच. त्या वाटीत यादीखेरीज काही पडावे असे वाटत असेल, तर पुढच्या भाषाधोरणात इयत्तेच्या आकड्यावर भांडण्याआधी पद्धतीवर बोलावे लागेल. अन्यथा जुन्नर-आंबेगावचा तरुण ‘ब्लू मून’चा गुण मिळवील आणि मुलाखतीच्या खोलीत पहिल्याच प्रश्नाला गप्प बसेल.